पाटीवरचं कुंकू

खोटं बोललात तुम्ही. एकदा नाही, वर्षानुवर्षं बोलत आलात, आणि परवा तर माईक हातात धरून बोललात.

तालुक्याच्या सभागृहात तुमच्या कार्यालयानं बचत गटाच्या बायका जमवल्या होत्या. घराच्या छपरावर सोलर बसवा, असं सांगायला. मी मागच्या रांगेत पंख्याखाली बसले होते. बायका पेंगायला लागल्या तसा तुम्ही ठेवणीतला विनोद काढलात. "डोंगरात एक धनगरवाडा आहे. तिथं आमच्या खात्यानं सोलरचे दिवे दिले. तर लोकांनी काय करावं? पॅनेललाच हळदकुंकू वाहिलं! सूर्यदेव प्रसन्न झाले आणि दिवा घेऊन गेले!"

सभागृह खदाखदा हसलं. माझ्या शेजारची बाई मला कोपर मारून म्हणाली, "कसली अडाणी माणसं असतात गं!"

तो धनगरवाडा माझा. तो दिवा माझ्या घरातला. तुम्ही त्या वेळी त्या खुर्चीत नव्हता, दुसरे साहेब होते, हे मला ठाऊक आहे. पण खुर्ची तीच आणि खोटंही तेच. एका साहेबानं जाताना दुसऱ्याच्या हवाली केलेलं. मी शाळेत सातवीपर्यंत गेले. पुढचं वाचणं-लिहिणं वाण्याच्या पुडीच्या कागदांवरनं शिकले. तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका. काय झालं ते लिहिते, ते वाचा.

आमचा वाडा सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर. खाली डांबरी रस्ता, तिथनं वर यायला नुसती पायवाट. दहा-बारा घरं आणि घरापेक्षा म्हशींच्या दावणी मोठ्या. तारेची वीज आम्ही लांबनं बघायचो. खालच्या गावात दिवे लागले की आई म्हणायची, "बघ तानू, त्यांच्याकडं चांदण्या खाली उतरल्यात." आमच्याकडं रॉकेलची चिमणी. भाकरीवर काजळी बसायची ती आम्ही फुंकून खायचो.

त्या साली उन्हाळ्यात दिवे आले. प्रत्येक घराच्या छपरावर एक काळी-निळी काच, आत एक डबा आणि एक दिवा. काचेला वाड्यानं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पाटी. बसवायला ठेकेदाराचा एक पोरगेला माणूस आला होता, टोपी उलटी घातलेला. बाकी सगळ्यांची घरं पायवाटेच्या वरच्या अंगाला, तोंडं दक्षिणेकडं. आमचं एकट्याचं घर वाटेच्या खालच्या अंगाला. त्यानं आमची पाटी वाटेकडच्या पत्र्यावर टेकवली, तेव्हा माझा बा, बमू झोरे, खाली उभा राहून बघत होता.

"अरं बाबा, हिकडं कुटं लावतोस? ही उत्तरंची बाजू."

"काका, पाहुणे ह्या वाटेनं येणार. फोटो वाटेवरनं निघणार. सगळी पॅनेलं फोटोत दिसली पाहिजेत. वरनं ऑर्डर आहे."

"आन मागं हिरडा हाय की. आत्ता दिस डोक्यावर हाय म्हनून भागतंय. दिस दक्षिणंला कलला की हिरड्याची सगळी सावली ह्या पत्र्यावर येती."

"बघू, बघू."

"बघू काय? म्हशीला कळतंय ऊन कुटं पडतंय ते. थंडीची आपसूक तिकडं जाऊन हुबी ऱ्हाती. तुला कळंना व्हय?"

"म्हैस टेंडर भरते काय हो काका?"

सगळे हसले. बासुद्धा हसला. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "पावसाळा सरला की येतो आणि फिरवून देतो." पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाला. तो माणूस पुन्हा वाड्याला आला नाही.

फोटोनंतर महिन्याभरात रेशनवाल्यानं आमचं रॉकेल तोडलं. "तुमच्या वाड्यात उजेड आलाय. वरनं यादी आलीय, मी काय करू?" आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. कुणाला हवंय रॉकेल? दिवा होता. आईनं तर घरातला दिवा घरात ठेवलाच नाही. बानं वायर लांब ओढून दिली आणि दिवा म्हशींच्या दावणीच्या तोंडाशी टांगला. कारण सड्यावर बिबट्या. उजेड असला की तो लांबनं फिरून जायचा. आम्ही जेवायचोही दावणीच्या तोंडाशीच. समोर भिंगरी म्हैस रवंथ करत बसलेली आणि आम्ही तिघं तिच्यापुढं ताटं घेऊन. बा म्हणायचा, "हाटेलात बसल्यासारकं वाटतंय."

पावसाळ्यात सगळ्यांचेच दिवे मलूल झाले. कुणी तक्रार केली नाही. ढगाला काय म्हणायचं?

मग दसरा आला. दसऱ्याला वाड्यात कुऱ्हाडी, कोयते, दुधाच्या कासंड्या, ताकाची रवी, सगळं धुऊन मांडतात. त्या साली धोंडूनानानं पाट्यांचा विषय काढला. धोंडूनाना वाड्यातला सगळ्यांत जुना माणूस. त्याचा शब्द म्हणजे शेवटचा.

"वरीसभर जे आपल्यासाटी राबतं त्याला आज कुंकू," नाना म्हणाला. "मंग पाटी काय फुकट बसलीया? दिसभर ऊन खाती आन रातच्याला उजेड देती. म्हशीवानीच हाय की. ती गवत खाती, दूद देती."

"काच खराब हुईल नाना," कुणीतरी म्हणालं.

"काचंला कोन बोट लावतंय? मी मेलो तरी लावायचा न्हाई. कडंच्या पट्टीला लावायचं, येक बोट."

नानाची सून कमळ शिडी घेऊन घरोघर फिरली. पट्टीला एक बोट हळद, एक बोट कुंकू, झेंडूचं फूल. ऊन स्वच्छ होतं. आई आणि मी आमच्या उंबऱ्यात बसून बघत होतो. कमळ सगळ्यांत शेवटी वाट ओलांडून आमच्या दाराशी आली. आईकडं बघितलं, शिडी खांद्यावर होती ती तशीच राहिली, आणि ती माघारी गेली. जरा वेळानं दोन घरांतनं आमच्याकडं पुरणपोळ्या आल्या. आईनं त्या झाकून ठेवल्या.

दिवाळीच्या आधी आमचा दिवा गेला. एकदम नाही गेला. पहिल्यांदा दावणीच्या तोंडापुरता राहिला, मग नुसता लाल ठिपका, मग तोही नाही. वाड्यातले बाकीचे दिवे लख्ख. त्याच आठवड्यात बिबट्यानं आमचं थोरलं रेडकू दावं तोडून नेलं. रॉकेल नाही, दिवा नाही. आई आणि मी आळीपाळीनं दावणीत बसायचो, काळोखात ताटली वाजवत. भिंगरी गाभण होती. तिचं दूध आणि तिचा खवा, ह्यावरच आमची चूल होती. आई तिच्या पोटाला हात लावून म्हणायची, "मार्गशीर्षात व्येनार ही. तवर उजेड पायजे, तानू. न्हायतर हिचं बी रेडकू बिबट्याच्याच पोटात."

आई सडा उतरून तुमच्या कार्यालयात गेली. बसली, उठवली, पुन्हा बसली. शेवटी कुणीतरी म्हणालं, माणूस पाठवतो.

दिवाळी सरल्यावर साहेब स्वतःच आले. चष्मा, पांढरा शर्ट, चढून चढून घामाघूम. बरोबर पिशवी घेतलेला एक सहायक. वाड्याच्या तोंडाशी आले आणि थांबले. वरच्या अंगाच्या सगळ्या पाट्या उन्हात चमकत होत्या आणि प्रत्येकीच्या पट्टीवर कुंकू. पुसटलेलं, पण लाल.

"हे काय लावलंय?"

"कुकू हाय," नाना म्हणाला.

"कुणी सांगितलं लावायला?"

"दसऱ्याला सांगावं लागतं व्हय सायेब?"

"अहो आजोबा, हे यंत्र आहे. देव नाही. तुम्हाला विज्ञानाची गोष्ट दिली आणि तुम्ही तिचा दगडोबा केलात!" साहेब आमच्याकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले. त्यांना सभेची सवय असावी. अंधश्रद्धा किती वाईट, सूर्य म्हणजे काय, काच म्हणजे काय. आम्ही ऐकलं. चढून आलेला माणूस, बोलू द्यावं.

ते दमले तेव्हा नानानं विचारलं, "सायेब, खाली रस्त्याला जीप हुबी हाय ती तुमचीच न्हवं?"

"हो. का?"

"सकाळी म्हशी पाजायला गेलतो तवा बगितली. तिच्या नाकावर झेंडूची माळ वाळून लोंबतीया. आन कुकवाची पाची बोटं. बंद न्हाई पडली ना वाटंत?"

बायका पदराआड हसल्या. सहायकानंही मान वळवली. साहेबांचा चेहरा तांबडा झाला.

"गाडीची गोष्ट वेगळी. हे नाजूक असतं. तक्रार कुणाची होती?"

"माझी," आई म्हणाली. ती आमच्या दारात उभी होती, पदर कपाळावर पुढं ओढून. "कोंडाबाई झोरे."

साहेबांनी आमच्या पत्र्याकडं खालूनच एक नजर टाकली आणि सहायकाला म्हणाले, "लिहा. लाभार्थींनी पॅनेलवर हळदकुंकू वाहिल्यामुळे संच निकामी झाला. हे दुरुस्तीत बसत नाही. संच काढून घ्या. दुसऱ्या गावाला देऊ, जिथं कदर आहे."

सहायक लिहायला लागला. आईनं मला हळूच विचारलं, "काय लिवतोय?" मी सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही.

मग ती अंगणात उतरली.

"सायेब, माझी पाटी बगितली का तुमी?"

"त्यात काय बघायचं? सगळीकडे तेच केलंय तुम्ही लोकांनी."

"सगळीकडची न्हाई. माझी."

"बाई, मला अजून दोन गावं करायची आहेत."

"करा की. माझी बगून मंग करा. कमळे, शिडी आन."

कमळनं शिडी आणली. वाडा गोळा झालाच होता. माणसं नुसती उभी होती, आणि साहेबांना खाली जायची वाट त्या माणसांमधनंच होती. सहायक म्हणाला, "मी चढू का सर?" आई म्हणाली, "ज्यानं लिवायला सांगितलं त्यानं चढावं." साहेबांनी बूट काढले. हसायचं नव्हतं, पण त्यांच्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते कमळनं मला दाखवलंच.

ते चढले. गुडघ्यावर सरकत पाटीपाशी पोचले आणि पत्र्यावर बसले. बराच वेळ बघत राहिले. पट्टीवरनं बोटही फिरवलं.

"काय दिसतंय?" आईनं विचारलं.

साहेबांनी पट्टीची पलीकडची कड बघितली.

"कुकू दिसतंय का सायेब?"

"नाही," साहेब म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. खोटं पकडलं गेलं की माणसाचा चढतो तसा. "नाही म्हणजे, आम्ही येणार हे कळल्यावर पुसलं असणार! पुसलंत ना तुम्ही कुंकू?"

धोंडूनानानं हातातली काठी खाली ठेवली. कमळनं तोंडाला पदर लावला. साहेबांना वर काहीच कळलं नव्हतं. ते उत्तराची वाट बघत खाली वाकून बघत होते.

आईनं पदर मागं घेतला. अंगणभर ऊन होतं आणि तिचं कपाळ त्या उन्हात उघडं पडलं.

"व्हय सायेब," ती म्हणाली. "पुसलं. भादव्यात पुसलं. ह्या कपाळाचं."

बा भाद्रपदात गेला होता. तापात. ओढ्याला पाणी होतं, झोळी करून खाली नेता आला नाही. दिवा दावणीतनं घरात आणून तीन रात्री आईनं त्याच दिव्याखाली त्याच्या डोक्यावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. पावसानं मंदावलेला दिवा, त्यात बाचा चेहरा दिसत होता तेवढाच. आमचं घर दुखाचं होतं. दुखाच्या घरात वर्षभर सण नसतो. म्हणून कमळ शिडी माघारी घेऊन गेली होती, म्हणून पोळ्या शेजारनं आल्या होत्या. कुंकवाचा करंडा आईनं बाच्या दहाव्यालाच फडक्यात बांधून फळीवर टाकला होता. अख्ख्या वाड्यात कुंकू न लागलेली पाटी एकच होती, आणि बंद पडलेली पाटी एकच होती.

साहेबांना हे कुणीतरी खालनं सांगितलं. नानानं सांगितलं असेल. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मला माहीत नव्हतं, बाई."

"म्हाईत न्हवतं तर लिवलंत कशाला?"

उतरायला म्हणून त्यांनी एक पाय खाली सोडला. आई दोन पावलं गेली, शिडी उचलली आणि भिंतीला आडवी ठेवून तिच्यावर बसली.

"अहो बाई! शिडी लावा."

"लावते. आदी खरं लिवा."

"मी खाली येऊन लिहितो."

"खाली येऊन काय लिवता ते बगितलं मगाशी."

सहायक पुढं झाला. "ओ मावशी, सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही. गुन्हा दाखल होईल."

"कर की बाबा. फौजदाराला आन बलवून. त्यो सडा चढून येस्तवर सायेब बसतील वर."

"आन फौजदाराला सायेबास्नी उतरवायला शिडीच लागंल," नाना म्हणाला. "ती कोंडीच्या बुडाखाली हाय."

आता हसू कुणी दाबलं नाही. आई मात्र हसली नाही. ती शिडीवर बसून पत्र्याकडं बघत होती, जशी भिंगरीच्या व्यायची वाट बघत बसायची तशी. घाई नाही, पण उठायचीही नाही.

दुपार चांगलीच तापली होती. सड्यावर कार्तिकातलं ऊनसुद्धा चावतं. वाटेपलीकडच्या पाट्यांकडं बघवत नव्हतं इतक्या त्या चमकत होत्या. आम्ही अंगणातली माणसं घामानं निथळत होतो. कमळनं डोक्यावर घोंगडं घेतलं. बऱ्याच वेळानं आईनं वर हाक दिली. आवाजात माया होती, खोटी नव्हती.

"सायेब, ऊन लागतंय का वं? टोपी देऊ का?"

"नको," साहेब म्हणाले. "इथं सावली आहे."

म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं. मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांनी आधी वर हिरड्याकडं बघितलं. मग मांडीजवळच्या पाटीकडं. पाटीवर हिरड्याची सावली पसरली होती, तिच्यात त्यांचीही सावली कुठं वेगळी दिसत नव्हती. मग त्यांनी वाटेपलीकडं बघितलं, कुंकू लावलेल्या आणि उन्हात पेटलेल्या त्या पाट्यांकडं.

पहिल्यांदा नाना हसला. मग वाडा हसला. सहायकसुद्धा.

"लिवा आता," आई म्हणाली. "जे आत्ता बोललात तेच लिवा. माझा मालक हेच सांगत हुता तुमच्या मानसाला. त्याला तुमी म्हशीत काडलं."

साहेबांनी वरनं सांगितलं, सहायकानं खाली लिहिलं. आई म्हणाली, "तानू, वाच." मी चारचौघांत पहिल्यांदा वाचलं ते हे. पॅनेल उत्तरेकडे तोंड करून, झाडाच्या सावलीत बसवले आहे. पॅनेलवर हळदकुंकू आढळले नाही. जागा बदलणे आवश्यक. मी एकही अक्षर गाळलं नाही. साहेबांनी वर मान डोलावली. आई उठली आणि शिडी लावली.

ते उतरले तेव्हा तिनं त्यांना गडूभर ताक दिलं. "प्या. चढून आलाय." साहेबांनी उभ्यानंच प्यायलं आणि म्हणाले, "वरिष्ठांना कळवतो." आमचा संच काढून नेला नाही, एवढं त्यांनी केलं. कागद सहायकाच्या पिशवीत गेला.

तुमची वाट आम्ही बघितली नाही. दुसऱ्या दिवशी नाना आणि चार माणसांनी पाटी उतरवली आणि दावणीच्या पुढं, मोकळ्यावर, दोन उंच बांबू पुरून बांधली. दक्षिणेकडं तोंड करून. वाटेवरनं ती दिसतही नाही. तिनं दोन-तीन दिवस ऊन खाल्लं आणि एका संध्याकाळी दिवा आपोआप लागला. आई भाकरी थापत होती. हात पिठाचे तसेच घेऊन दावणीत गेली आणि भिंगरीच्या गळ्यात पडून रडली. बा गेल्यावर ती माणसांपुढं अशी रडली नव्हती. मार्गशीर्षात भिंगरी त्या उजेडात व्याली. रेडी झाली. ती वाचली, वाढली, तिच्या लेकी-नाती वाड्यात अजून आहेत.

त्यानंतर आम्ही रॉकेलच्या कार्डासाठी तुमच्या कार्यालयाचा दाखला घ्यायला खाली गेलो, तेव्हा तुमच्या कारकुनानं धनगरवाड्याचा शेरा वाचून दाखवला. लाभार्थींनी पॅनेलवर हळदकुंकू वाहिल्यामुळे संच निकामी. तारीख साहेब आले होते तीच. मी वाचलेला कागद त्या पिशवीतनं कुठं गेला ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आईनं विचारलं, "ह्यात सावली कुटं हाय?" कारकून म्हणाला, "कसली सावली?"

पुढचा दसरा आला. बाचं वर्ष सरलं होतं, आमचं घर सणाला मोकळं झालं होतं. कमळ शिडी घेऊन आमच्याकडं आली, आणि आईनं शिडी तिच्या हातातनं काढून घेतली. फळीवरचा करंडा उतरवला, फडकं सोडलं, आणि पदर खोचून स्वतः चढायला लागली. वाड्यात कुजबूज झाली. धोंडूनानाची बायको, सखूआजी, पुढं आली.

"कोंडे, अगं हे काय? तुजा हात नगं लागाय त्याला. कमळीला लावू दे."

आई शिडीच्या मधल्या पावकीवर थांबली.

"का वं आत्ती?"

"का काय? तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"कपाळावरचं तुमी पुसाय सांगितलं, मी पुसलं. तवा काय बोलली न्हाई. पर ही पाटी माज्यासाटी राबती. नानाच म्हनलं हुतं, राबंल त्याला कुकू. मंग माजी पाटी, माजा हात." ती नानाकडं वळली. "बोला नाना. म्हनलं हुतं का न्हाई?"

नाना काठीवर हनुवटी टेकून बसला होता. "म्हनलं हुतं," तो म्हणाला.

"आन ते सायेब लिवून बसल्यात की कुकवानं दिवा जातोय. जाऊ दे गेला तर. बगू द्या मला बी."

बाकीच्यांच्या पाट्यांना एक बोट होतं. आईनं पट्टीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत सरळ ओढलं. भांग भरतात तसं. खाली उतरली, हात धुतले नाहीत, तसेच लाल हात घेऊन दिवसभर वाड्यात फिरली. सखूआजी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही.

त्या संध्याकाळी दिवा लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आई गेली तोपर्यंत दर दसऱ्याला तिनं ती रेघ ओढली आणि दर दसऱ्याला दिवा लागला. सड्यावर तारेची वीज आली तरी दावणीचा दिवा आम्ही काढला नाही.

परवा तुमच्या सभागृहात मी उठून उभी राहिले होते. तुम्ही बघितलंत मला. म्हणालात, "ताई, प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी चहा आला, आणि तुम्ही गाडीत बसून गेलात. गाडीला माळ होती. ताजी होती.

आता शेवट आला आहे. प्रश्न विचारते. त्या साली दुखवट्यात बसलेल्या माझ्या आईच्या घरात करंडा बांधून फळीवर होता. वाड्यातल्या कुठल्या बाईनं त्या पाटीला हात लावला नाही. मग तुमच्या कागदावर, तुमच्या माईकवर, तुमच्या विनोदात जे कुंकू आहे, ते आमच्या पाटीवर लावलं कुणी?

नाव सांगा.